पडद्यावरची सोबत

आम्ही दोघी बहिणी एकाच विभागात संशोधन करत होतो आणि विषयही जवळजवळ एकच: पोलिसांचे रस्त्यावरचे कॅमेरे, लोकांचं खाजगी आयुष्य आणि बातम्यांत दिसणारे पोलीस. विषय आधी मी घेतला होता. नाव धाकटीचं झालं. तिचा लेख पेपरात आला, मग वाहिन्यांवरून बोलावणी सुरू झाली. आई येईल त्याला कात्रण दाखवायची आणि मी मुकाट्याने चहा ओतायचे.

त्यामुळे पोलिसांच्या नियंत्रण कक्षात बसायची परवानगी मला मिळाली, ते मी धाकटीला सांगितलंच नाही.

खोली गार होती. भिंतभर पडदे. बाहेरच्यांना चित्रण दाखवताना सगळ्यांचे चेहरे धूसर करायचे, असा नियम. तरी मागच्या आठवड्याच्या चित्रणात धाकटीला मी लगेच ओळखलं. लगबगीने वाहिनीच्या इमारतीकडे निघाली होती. तिच्या मागे, बरंच अंतर ठेवून, एक बाई चालत होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या चित्रणात धाकटी ग्रंथालयातून निघाली. मागे तीच बाई. अंतर कमी झालेलं.

"ही रोज असते," यंत्रावरचा हवालदार म्हणाला. "आम्हाला वाटलं, घरातलीच कोणी."

"तुम्हाला तिचा चेहरा दिसत असेल ना?"

तो अवघडला. "बाकी सगळ्यांचे दिसतात, मॅडम. हिचा आमच्याकडेही असाच धूसर येतो."

त्याने चालू चित्रण लावलं. भर दुपार, विभागाचं फाटक, धाकटी बाहेर पडत होती. बाई तिच्यापासून हातभर मागे.

मी फोन काढला आणि तसाच धरून बसले. मनात आलं, घाबरू दे की जरा. सगळं हिलाच कसं सुखासुखी मिळतं?

बाईने पावलं उचलली. मग मात्र मी फोन लावला.

"ताई, फोन कशाला करतेस?" धाकटीच्या आवाजात हसू होतं. "मागेच तर आहेस. रोज येतेस आणि एक शब्द बोलत नाहीस. ये ना."

पडद्यावर ती वळली. हात पुढे केला. बाईने तो धरला.

"ती मी नाही," मी म्हणाले.



मग धाकटी फोन बाजूला धरून कुणालातरी विचारत होती, "अगं, मग फोनवर कोण आहे?"

उत्तर आलं ते माझ्याच आवाजात.

"कुणी नाही गं. ठेव."

तिने ठेवला.