ओटीवरचं पाणी

मंदाकिनीच्या डोळ्याला रात्र रात्र डोळा लागत नव्हता. चार वर्षांची हेमा पाणी पीत नव्हती. पेला हातात दिला की ती तो ओटीवर नेऊन ठेवी आणि म्हणे, "आधी त्याला." पोरांचे हट्टच असतात, असं मंदाकिनी स्वतःला बजावी. मग पेला रिकामा दिसे, ओटीला खाडीच्या चिखलाचा वास येई आणि तिची शाळेतली इंग्रजी बुकं एकदम कुचकामी होत.

तो कोण, हे तिला ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात कोपरीच्या बंदरावर बंडवाले खलाशी उतरवले होते. आगबोटीवर किडका तांदूळ, ओंजळभर गढूळ पाणी. तक्रार करणाऱ्याला कप्तानानं फटके मारले, तेव्हा सगळ्यांनी मिळून कामच टाकलं. बेड्या घालून त्यांना तुरुंगाकडे नेत होते. एकजण ओटीपाशी अडखळला.

"बाय, पानी..."

मंदाकिनी सोवळ्यात होती, नैवेद्य चुलीवर. "थांब हं, सगुणा येईल, ती घालेल." कामाला येणारी सगुणा परसातून पुढे आली, तोवर शिपायांनी त्याला ढकलत नेलं होतं. वळणावर तो कोसळला, तो उठलाच नाही.

"आपल्या कोपरीचाच धाकू तो," सगुणा म्हणाली. "घराच्या वाटंवर मेला. तुमी काय मुद्दाम केलात, बाय?"

मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं स्वतःशी. समतेवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेली बाई, आणि हात आखडला तो आखडलाच.

आज हेमाचे ओठ फुटले होते, अंग चटके देत होतं. वैद्यानंही मान हलवली. तिन्हीसांजेला मंदाकिनी होती तशी, सोवळ्यातच, देवाजवळचा तांब्या घेऊन ओटीवर आली.

"धाकू... घे रे."

सारवलेल्या जमिनीवरून साखळी सरपटत आल्याचा आवाज आला. दिसलं काहीच नाही. तिच्या बोटांना गार, बुळबुळीत बोटं लागली. तिनं हात मागे घेतला नाही. तांब्या हळूहळू हलका झाला.

"चुकलं माझं..."

आत येऊन तिनं हेमाच्या ओठांना पेला लावला. पोर घटाघटा प्यायली. मंदाकिनीला रडूच फुटलं.

"गेला ना गं तो?" तिनं हळूच विचारलं.

हेमानं तोंड पुसलं आणि चुलीकडे बघितलं.

"नाही. आत येऊन बसलाय. आता भूक लागलीय म्हणतो."