उजेडामागचा आवाज

तो आत आला तेव्हा त्याचा डावा गाल लिंबाएवढा सुजला होता.

"डॉक्टर आहेत?"

"दातांचे शेजारच्या दारात. इथे फक्त व्हिडिओ कापतात."

तो वळला... आणि माझ्या स्क्रीनकडे बघत तिथेच थांबला. एका फिल्ममध्ये मी उजेड टाकत होते. एक दृश्य संपता संपता कोपऱ्यातून नारिंगी झळाळी येते, सगळं झाकून टाकते आणि ती ओसरेपर्यंत दुसरं दृश्य आलेलं असतं.

"हे काय आहे?" गाल धरून त्याने विचारलं.

"जुन्या कॅमेऱ्याचं झाकण नीट लागलं नाही की आत उजेड घुसायचा, फिल्म खराब व्हायची. तेव्हा लोक कपाळाला हात लावायचे. आता आम्ही तीच चूक मुद्दाम करतो, जोड दिसू नये म्हणून."

"चुकीचं एवढं कौतुक!" तो हसायला गेला आणि कळवळला. कळ त्याच्या दाढेत, आणि गाल धरला मी माझा – आता याला काय म्हणायचं!

दाढ काढून झाल्यावर तो पुन्हा आला, त्याच्या ताईच्या लग्नाचं शूटिंग घेऊन. नातेवाइकांनी मोबाइलवर केलेलं. कुठे डोकी कापलेली, कुठे नुसतेच पाय.

"याचं काही होईल?"

"उजेडाने सांधू की."

"मग सांधे भरपूर ठेवा... म्हणजे मला सारखं यावं लागेल."

आणि खरंच यायला लागला. कधी ताईचा फोटो राहिला, कधी मावशी जाड दिसतेय. तुम्हीचं तू कधी झालं कळलंच नाही. पण त्यापुढे मात्र गाडी हलेना. मी जन्माची घाबरट. अवेळी फोन वाजला तरी दहादा विचार करून उचलते. मनातलं सांगितलं आणि हा यायचाच थांबला तर? त्यापेक्षा न सांगितलेलं बरं. निदान रोज दिसतो तरी.

विकतचे उजेड सगळ्यांच्या फिल्ममध्ये सारखेच असतात, म्हणून त्याच्या ताईसाठी मी स्वतः केला. खोलीत अंधार केला, कॅमेऱ्यासमोर टॉर्च धरला आणि मधून चॉकलेटचे लाल-पिवळे कागद फिरवले. तेवढ्यात माझ्या वहिनीचा फोन आला. हात गुंतलेले, म्हणून स्पीकरवर टाकला; कॅमेरा चालूच. अशी क्लिप दृश्यावर ठेवली की तिच्यातला काळोख निघून जातो, नुसता उजेड उरतो. आवाज मात्र आपण बंद केल्याशिवाय जात नाही. आणि मी बाई केलाच नव्हता!

हे मला कळलं ते फिल्म देऊन झाल्यावर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. सहज हेडफोन लावून ऐकत होते. नवरा-नवरी हसतात, उजेड येतो आणि वहिनी ठणकावते, "मग आवडतो म्हणून सांग की त्याला!" मागोमाग माझा आवाज, "आवडतोच गं... गाल सुजला होता ना, तेव्हापासून आवडतो!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत्ता, या घडीला, त्याच्या घरी सगळे मिळून फिल्म बघायला बसणार होते. फोन केला. उचलेना. पुन्हा केला. उचलेना! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चपला कशाबशा अडकवल्या आणि धावत सुटले.

दार त्याच्या आईने उघडलं. "अगं, बरी आलीस! आत्ताच सुरू झालीये."

खोली माणसांनी भरली होती. बाबा, ताई, तिचा नवरा, ती जाड न दिसणारी मावशी. तो रिमोट घेऊन टीव्हीशेजारी उभा. मला बघितलं आणि कानापर्यंत लाल झाला.

"फोन का नाही उचललास?" मी पुटपुटले.

"काय बोलायचं तेच सुचेना... दुपारपासून."

दुपारपासून! म्हणजे याने ऐकलं होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. इतक्यात पडद्यावर नवरा-नवरी हसले, कोपऱ्यातून उजेड आला... मी डोळे मिटले. खोलीत एकदम शांतता. त्याने आवाज बंद केला होता.

"अरे, आवाज गेला की!" बाबांनी त्याच्या हातून रिमोट काढून घेतला. "थांबा, मागे घेतो."

"नको, बाबा!"

"का रे?"

मग त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि एका दमात म्हणाला, "तिथे ती माझ्याबद्दल बोललीये. आणि मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही."

"मग दे की, मुखदुर्बळा!" ताई ओरडली.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हात कुठे ठेवायचे हे त्यालाही कळत नव्हतं.

"मलाही..." तो म्हणाला. "मलाही तू आवडतेस. खूप."

मला हसू आलं आणि रडूही. मावशीने नाक शिंकरलं. आईंनी पदराने डोळे टिपले आणि वर "इश्श, मला आधीच कळलं होतं," असंही म्हणून घेतलं. बाबा मात्र रिमोट धरून तसेच ताटकळत उभे.

"काय गं पोरी," त्यांनी हळूच विचारलं, "आता घेऊ का मागे?"

तो घाईघाईने नाही म्हणणार होता. मी त्याचा हात धरला.

"घ्या, बाबा," मी म्हटलं. "आवाज मोठा करा."