ब्रेक हलका झाला तेव्हा

उतारावरचा सिग्नल लाल झाला आणि तिने ब्रेक दाबला. गाडीला त्याचं काहीच नव्हतं! मग तिने दोन्ही पाय पेडलवर रोवले, सीटवरून जवळजवळ उभीच राहिली... आणि बाबांची ती जुनी, फिकट निळी गाडी कुरकुरत थांबली. रस्ता ओलांडणाऱ्या एका तरुणापासून हातभर अंतरावर.

तो जागचा हलला नाही. काखेतलं रबरी नळीचं भेंडोळं सावरत तो गाडीकडे असा पाहत राहिला, जणू लहानपणीची लाडकी मावशीच समोर येऊन उभी राहिली होती.

"लागलं का हो तुम्हाला?" तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

"मला नाही. तुमचे पाय मात्र दुखत असतील," तो हसला. "हा ब्रेक आहे की व्यायामशाळा?"

तो जुन्या गाड्यांचा मेकॅनिक निघाला. चौकापलीकडेच त्याचं गॅरेज होतं. तिथल्या बाकावर बसून, पाण्याचा पेला हातात धरून, तिने सगळं सांगून टाकलं. ती दातांची डॉक्टर. आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबांनी ही गाडी चाळीस वर्षं चालवली. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उजव्या पायात पहिल्यासारखा जोर राहिला नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली होती, फक्त ब्रेक एवढा जड नको म्हणाले होते.

"हल्ली नुसती गाडी पुसतात आणि किल्ली खिशात घालून वर येतात. धड बोलतसुद्धा नाहीत कोणाशी..."

"पॉवर ब्रेक बसवू," तो म्हणाला. "निम्म्याहून कमी जोर लागेल."

बाबा मात्र भडकले. "माझ्या गाडीत असलं काही घुसडायचं नाही!" दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तोंड फिरवूनच म्हणाले, "कर काय करायचं ते."

मग दवाखाना आटोपला की तिची पावलं गॅरेजकडे वळू लागली. त्याने पेडलच्या पुढे ताटलीएवढा एक गोल काळा डबा बसवला. इंजिन चालू असताना हवा आत ओढतं, ती ओढ नळीतून या डब्यात आणायची आणि ब्रेक दाबायच्या कामी लावायची.

"म्हणजे इंजिनाचा श्वास पायाच्या मदतीला येतो?"

त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. "असं कधी माझ्या मनात आलं नव्हतं, डॉक्टर."

डब्यातला दांडा तो कागदाच्या जाडीइतक्या फरकाने कमी-जास्त करायचा, श्वास रोखून. ती बघत राहायची. दातावर काम करताना तीही असाच श्वास रोखायची. काळ्या ग्रीसने माखलेले ते हात इतके हळुवार कसे असू शकतात — तिला नवल वाटे.

शेवटी ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायची होती. ती आत पेडलवर, तो बाहेर चाकापाशी. दिसत नव्हता, नुसता आवाज.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा..."

"सोडू?"

"इतक्यात नका सोडू."

उगाचच तिचे कान तापले.

"आता इंजिन बंदच ठेवून पाच-सहा वेळा दाबा," खिडकीशी येत तो म्हणाला. पेडल दगडासारखं घट्ट झालं. "पाय तसाच ठेवा. फिरवा किल्ली."

इंजिन धडधडलं आणि तिच्या पायाखाली पेडल आपणहून अलगद खाली गेलं. कोणीतरी तिच्या पावलावर पाऊल ठेवून म्हणावं, तू एकटी नाहीस, मी आहे... तसं. ती थक्क होऊन त्याच्याकडे पाहत राहिली. डोळे का भरून आले, तिला सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी बाबा काठी टेकत आले. कपाळावर आठ्या. कोणाशी न बोलता गाडीत बसले, आवारातच दोन हात पुढे घेतली आणि पाय नुसता टेकवला. गाडी जागच्या जागी थांबली. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा. मग बराच वेळ स्टिअरिंगवर हात फिरवत बसले.

"बाबा?"

"एक चक्कर मारून येतो," ते म्हणाले. "एकटाच."

दोघं फाटकात उभी राहिली. गाडी रस्त्याच्या टोकाला गेली, मागचे लाल दिवे उजळले, झकास वळून परत आली... आणि त्यांच्यासमोरून सरळ पुढे निघून गेली! खिडकीतून बाबांनी हात तेवढा हलवला. ते चक्क शीळ घालत होते.

"थांबले का नाहीत?" तो दचकला. "ब्रेक तर—"

"ब्रेक उत्तम आहे," ती म्हणाली. "बाबांनाच थांबायचं नाहीये. आपल्याला थोडा वेळ देतायत."

त्याने घाईघाईने हात फडक्याला पुसले. "काम तर संपलं. उद्यापासून तुम्ही... येणार नाही. दुपारपासूनच रस्त्याकडे बघत बसायची सवय लागलीय मला. तिचं काय करू?"

तिने तो अर्धवट पुसलेला हात आपल्या हातात घेतला.

"राहू दे की सवय," ती म्हणाली. "आणि हे 'तुम्ही-तुम्ही' पुरे झालं. मी येत जाईन... तू फक्त 'ये' म्हण."

त्याच्या ओठांना तो एवढासा शब्द जुळवायला केवढा वेळ लागला!

"ये," तो म्हणाला.