दुर्बिणीपाशी कोण होतं

रसिका, तो मोबाईल उलटा ठेव बरं. आणि रोहन, हसायचंच असेल तर खाली जाऊन टीव्ही बघ. एकनाथकाका गोष्टी रचतो असं तुझा बाप म्हणतो, पण ही रचलेली नाही. ज्याच्यावर गुदरली तो मुकुंदराव काचीगुड्याला माझा शेजारी होता. विज्ञानाचा माणूस, देवालासुद्धा हातचं राखून नमस्कार करणारा.

साल सत्त्याण्णव, मार्गशीर्षातली सोमवती अमावस्या. दुपारी कोठीच्या बाजारात मला दिसला तो काळं कापड घेताना.

"काय रे, कुणाचं वाईट झालं की काय?"

"नक्को रे तसलं काही! खिडकीची फट बुजवायचीय. आज रात्री काम आहे."

काम असं. उल्का आभाळात जळतात ना, त्यांचं सोडियम, लोखंड खाली येत नाही. नव्वद किलोमीटरवर त्याचा विरळ थर तरंगत राहतो, ऋतूप्रमाणे कमीजास्त होतो. घटकेसर गावाच्या पुढं माळावर एका संस्थेची खोली होती, सरकत्या छताची. तिथून लेसरचा पिवळा झोत वर सोडायचा आणि परत येणारा कणभर उजेड दुर्बिणीनं टिपायचा. चंद्र नको, म्हणून अमावस्या. लोक ज्या रात्री उंबरा ओलांडत नाहीत, ती यांची कामाची रात्र.

उन्हाळा मोजून झाला होता, शरद झाला होता, हिवाळा राहिला होता. वर्ष पुरं झालं नाही तर काम बंद, असं वरून सांगून टाकलेलं. त्यात दुर्बिणीतली उजेड मोजणारी नळी परदेशी. आयात खुली झाली म्हणून एक मिळाली, दुसरी मिळणार नव्हती. झाकण उघडं असताना खोलीत दिवा लागला की नळी जळाली, मुकुंदरावची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून त्यांची एक रीत होती. लेसरवाल्यानं अंधारात विचारायचं, "झाकण?" दुर्बिणीवाल्यानं सांगायचं, "उघडलं." मग झोत. काम संपलं की तोच म्हणणार, "मिटलं." ते ऐकल्याशिवाय दिवा लावायचा नाही, दार उघडायचं नाही. बाहेर आग लागली तरी.

दुर्बिणीवर विवेक असायचा, पुण्याचा पोरगा. अमीरपेटला सॉफ्टवेअरच्या क्लासला जायचा, त्यामुळे रोज उशीर. म्हणून मुकुंदरावनं दार नुसतं लोटून ठेवलं, पडदा ओढला, दिवा मालवला आणि लेसरपाशी वाकून बसला. वाकल्या वाकल्याच सवयीनं विचारलं,

"झाकण?"

"उघडलं."

विवेकचाच आवाज, सर्दी झाल्यासारखा. आला वाटतं गुपचूप, शिव्या चुकवायला. मुकुंदरावनं झोत सोडला. काम चालू.

तासाभरानं लेसर थांबवला.

"झाकण?"

"उघडलं."

"अरे, मिटव आता. झालं."

"मिटलं" ऐकायला मुकुंदराव थांबला.

"विवेक?"

नुसता श्वास. दुर्बिणीच्या बाजूनं.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"मुकुंदराव! अहो, बस चुकली माझी. आतून कडी का घातलीत? उघडा ना!"

बाहेर विवेक होता.

कडी मुकुंदरावनं घातली नव्हती.

दार दुर्बिणीच्या पलीकडे. जायचं तर त्या स्टुलाला घासून जायचं. दिव्याचं बटण मात्र हाताशी. पण दिवा लावला तर नळी जाणार. वर्ष जाणार. मला म्हणाला, "एकनाथ, खरं सांगतो, रडू फुटलं रे मला. भूत समोर, आणि मी नळीचा विचार करतोय."

बाहेरून, "मुकुंदराव, उघडा ना..."

आणि दुर्बिणीपासून, त्याच आवाजात, अगदी हळू...

"मुकुंदराव, उघडा ना."

मग दोन्हीकडून. एकदम. पुन्हा.

पुन्हा...

मुकुंदरावनं बटण दाबलं.

खोली रिकामी. स्टूल रिकामं. दाराला कडी. ती काढली तसा विवेक आत आला, आणि हा त्याच्या गळ्यातच पडला.

नळी? शाबूत. झाकण मिटलेलंच होतं रे! चारही स्क्रू घट्ट. त्या रात्री ते उघडलंच नव्हतं. पौषाच्या अमावस्येला मोजणी करता आली असती, वर्ष पुरं झालं असतं. पण मुकुंदराव परत त्या खोलीत बसला नाही. पुढं कॉलेजात शिकवायला लागला. मी त्याला भित्रा म्हणालो. तेव्हा एका रविवारी भर दुपारी मला स्कूटरवर घालून तिथं घेऊन गेला. स्वतः उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि विवेकला म्हणाला, "दाखव याला."

विवेकनं स्क्रू काढले, झाकण उलटं करून माझ्या हातात दिलं.

आतून काळा रंग दिलेला. त्यावर पंजे होते. दोन. बोटं पसरलेली, तळवे दाबलेले... आतून बाहेर ढकलावं तसे.

माझा हात त्यावर ठेवून पाहिला मी. बोटं लांब होती. माझ्याहून बरीच लांब.