सरळ फुटलेला कोंब

सुनेत्राची झाडं सांभाळायची म्हणजे फारसं काही करायचंच नसतं, आणि नेमकं तेच चंद्रहासला जमत नव्हतं. ग्लेन वेव्हर्लीच्या घरामागच्या काचेच्या खोलीत तिने निवडुंग मांडून ठेवले होते. सगळे वेडेवाकडे. वर जायचं सोडून आडवे पसरलेले, कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या चुण्या पडलेले. मार्चमध्ये ती वारली, पाठोपाठ लॉकडाऊन आला, आणि दुसरं काम नाही म्हणून हा पाणी घालत सुटला. जूनमध्ये तिकडची थंडी येईपर्यंत एकेक झाड बुडापासून कुजलं. उरला एक युफोर्बिया. तिचा लाडका.

ऑगस्टमध्ये त्याच्या तुऱ्यातून बोटाएवढा सरळ कोंब वर आला.

"बाबा, तो काप," शेजारच्या राज्यातल्या वॉलॉंगॉंगहून क्षितिजा व्हिडिओवर म्हणाली. तिला सहावा महिना लागत होता. "तो सगळं बळ खातो, मग तुरा मरतो. आई बुडापासून कापायची आणि वर हळद चेपायची. बघितलंयस ना तू?"

"बघितलंय. या घरात एक तरी गोष्ट सरळ वाढतेय, वाढू दे की."

"हट्टी आहेस नुसता."

"बॉर्डर उघडू दे. बाळाच्या आधी पोचतो की नाही बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंब नव्हता. बुडापासून साफ कापलेला. जखमेवर हळद, अंगठ्याने चेपल्यासारखी.

चंद्रहासचं डोकंच फिरलं. घरात यायला कुणाला परवानगी नव्हती. आणि घरात हळदही नव्हती. मिसळणाचा डबा उघडला की तिचा हात आठवायचा, म्हणून त्याने तो केव्हाच रिकामा केला होता. तेव्हापासून त्याचं वरण पांढरंच होतं.

"पॉसम असेल काका," कुंपणापलीकडून शेजारचा गुरुदत्त म्हणाला. "कोवळं दिसलं की खातात मेले."

"आणि खाऊन झाल्यावर हळद लावतात?"

"मग तुम्हीच कापला असेल. एकटं राहून होतं असं."

"तू तुझं गवत काप आधी!"

पुन्हा कोंब फुटला. चंद्रहासने काचेच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली उशीखाली ठेवली. सकाळी कोंब कापलेला होता. तिसऱ्या खेपेला त्याने कुंडीच उचलून पलंगाशेजारी स्टुलावर ठेवली. तरी कापला. या झाडाचा पांढरा चीक लागला तर कातडी भाजते. त्याने स्वतःची बोटं उलटीसुलटी करून पाहिली. कोरडी होती. एक डाग नाही.

"अगं, जाऊ दे ना त्याला वर!" तो रिकाम्या खोलीत ओरडला. "काय बिघडतं तुझं?"



त्यानंतर कोंब फुटलाच नाही. तुरा मात्र जाडजूड, तुकतुकीत होत गेला.

नोव्हेंबरच्या शेवटी बॉर्डर उघडली. चंद्रहासने दिवसाउजेडी बॅग भरून दाराशी ठेवली आणि फोन लावला.

"उद्या सकाळी गाडी काढतो."

"आईचं झाड आणशील ना?"

"नाही. फार झालं ते. गुरुदत्तच्या गळ्यात मारतोय. आणि हे बघ, मी आता तिकडेच राहणार. घर विकून टाकू."

क्षितिजा रडायलाच लागली, आनंदाने. त्याने कुंडी नेऊन कुंपणापलीकडे दिली, हात झटकले, दार लावून घेतलं.

सकाळी जाग आली तेव्हा पडद्यातून ऊन येत होतं. कुंडी स्टुलावर होती.

वैतागून तो उठायला गेला. डावं पाऊल टेकलं. उजवं टेकेना.

दुखत नव्हतं. चादरीवर रक्त नव्हतं.

त्याने पाय मांडीवर ओढून पाहिला. टाचेच्या जरा वर, बुडाशी, शीर साफ कापणारा एक बारीक आडवा छेद होता.

त्यावर हळद चेपलेली होती. अजून ओलसर.