कुकरची रिंग आणि वस्तादचं नाक

"दार कुणी उघडं टाकलं?" लॅबवाले काका असे कडाडले की खिडकीतली कबुतरं भुर्रकन उडाली. "तुम्ही सारखी आत-बाहेर करता, वाऱ्याबरोबर बुरशी येते आणि माझे नमुने सडतात! फुटा इथून!"

चिमटी, तिचा धाकटा भाऊ शंकासुर आणि काकांची लेक दुर्बीण, तिघंही मुकाट व्हरांड्यात आली. चिमटीला रडू फुटायच्या बेतात होतं. ओरडा खाल्ल्याचं दुःख नव्हतं, तो तिच्या पाचवीलाच पुजलेला होता. पण नमुना खराब झाला, म्हणजे वस्तादचं आता काही खरं नव्हतं.

वस्ताद हा मावशीचा बोका. गेल्या सुट्टीत चिमटीनेच त्याला एवढंसं पिल्लू असताना नाल्यातून काढलं होतं. या सुट्टीत येऊन बघते तर त्याचं नाक सुजून भोपळा झालेलं आणि त्यावर वाहती जखम! लॅबच्याच इमारतीत तळमजल्यावर असलेले प्राण्यांचे डॉक्टर सकाळीच घाईघाईत म्हणाले होते, "कॅन्सर दिसतोय. लॅबने काही वेगळं सांगितलं तर बघू. नाहीतर आज संध्याकाळी इंजेक्शन देऊन कायमचं झोपवू. उगाच हाल नकोत बिचाऱ्याचे."

आणि लॅबने सांगितलं काय, तर नमुना खराब!

घरी मावशीचंही धड नव्हतं. वस्तादला गोळी देताना त्याने तिचं बोट ओरबाडलं होतं. ते बरं होईना, उलट हातावर कोपरापर्यंत गाठी उठल्या. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई औषधं बदलून बदलून थकल्या आणि शेवटी त्यांनीही जखमेचा नमुना लॅबला धाडला होता.

"मला एक शंका आहे," शंकासुर म्हणाला.

"तुला कधी नसते?" चिमटी खेकसली.

"दारातून बुरशी आली, तर ती नमुन्यांच्या सगळ्याच ताटल्यांवर का नाही बसली?"

दुर्बिणीने जाड चष्मा नाकावर सरकवला. "खरंच की! एरवी बाबा दोन दिवसांत ताटल्या टाकून देतात. या वेळी लॅब आठवडाभर बंद होती, म्हणून त्या तशाच राहिल्या. उघडल्यावर बघितलं, तर कपाटात वीसेक ताटल्या आणि बुरशी फक्त दोनांवर. एक वस्तादची आणि दुसरी..." ती एकदम थबकली. "अगं, दुसरी तुझ्या मावशीची!"

चिमटी ताडकन उठली. "कुठे आहेत त्या?"

"वाफेच्या भांड्यात. फेकण्याआधी बाबा सगळं वाफेने मारतात. चहा पिऊन आले की बटण दाबतील!"

तिघं धावत सुटली. लॅबच्या कोपऱ्यात थोरल्या प्रेशर कुकरसारखं भांडं झाकण उघडून बसलं होतं. आत जाळीच्या टोपलीत, अगदी वर, त्याच दोन ताटल्या होत्या.

"हात लावायचा नाही!" दुर्बिणीने बजावलं. "ताटल्या बंद असल्या तरी नाही. नुसतं बघा."

ताटल्यांच्या पारदर्शक झाकणांतून काळपट बुरशी स्पष्ट दिसत होती. चिमटीने मान वाकडी करून करून पाहिलं. "ही अशी नागमोडी का गं?"

"बाबा जखमेतला नमुना ताटलीवर तारेने नागमोडी ओढतात ना!"

"म्हणजे बुरशी बरोब्बर त्या रेघेवर आलीय? दोन्हीकडे? वाऱ्याने आली असती तर कुठेही पडली असती! ती नमुन्यातूनच आलीय. नमुना खराब झालेला नाही. ही बुरशीच आजार आहे!"

तेवढ्यात व्हरांड्यात काकांच्या चपला वाजल्या. आता? काका ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. शंकासुराने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि भांड्याच्या झाकणाची रबरी रिंग सर्रकन ओढून शर्टाखाली कमरेला चढवली. रिंगेशिवाय कुकर चालत नाही, हे आईच्या रोजच्या आरडाओरड्यामुळे त्याला पाठ होतं!

मागच्या दाराने चिमटी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पोचली. वस्ताद पिंजऱ्यात कण्हत होता. शेजारी ट्रेमध्ये सुई तयार होती.

"डॉक्टरकाका, माझ्या मावशीचा हात बघा ना!"

"मी माणसं तपासत नाही."

ती जिना चढून वर धावली. "डॉक्टरीणबाई, आमचा बोका बघा ना!"

"मी मांजरं तपासत नाही. खालच्यांना सांग, कुत्र्यांचं भुंकणं आवरा म्हणावं."

या भुंकण्यावरून दोघांचं वर्षभर बोलणं नव्हतं. चिमटीचं डोकं मात्र भराभर चालत होतं. "खालचे डॉक्टर लॅबमध्ये आलेत," तिने दडपून सांगितलं. "म्हणतात, वरच्या बाईंना हा आजार ओळखता यायचा नाही!"

"असं म्हणाले?" बाई तरातरा निघाल्या. चिमटीने दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली येऊन तेच बाण उलटे सोडले. डॉक्टरही पेटले!

लॅबमध्ये काका टेबलाखाली वाकून ओरडत होते, "रिंग गेली कुठे?" शंकासुर पोट आत ओढून श्वास रोखून उभा होता.

"तुम्ही काय म्हणालात मला?" डॉक्टर आणि बाई एकदमच म्हणाले. दोघांच्या मध्ये घुसून चिमटीने टोपलीकडे बोट दाखवलं. "भांडण नंतर करा! एक ताटली बोक्याची, एक त्याने ओरबाडलेल्या मावशीची. आणि बुरशी दोन्हीकडे रेघेवरच!"

तिन्ही मोठी माणसं टोपलीवर वाकली.

"ओरबाडलं होतं?" बाई पुटपुटल्या. "ती सांगत होती बहुतेक. माझंच लक्ष नव्हतं. एकामागोमाग वर चढणाऱ्या गाठी... कसं सुचलं नाही मला!"

काकांनी हातमोजे चढवले, ताटल्या काचेच्या बंद पेटीत ठेवून, आत हात घालून बुरशीचा कण काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बारीक धागे आणि त्यांच्या टोकांना फुलासारखे मण्यांचे झुबके! दोन्ही नमुन्यांत तेच.

"ही मातीत, कुजक्या लाकडात असते," प्राण्यांचे डॉक्टर हळूच म्हणाले. "सहसा दिसत नाही. भांडखोर बोक्यांच्या जखमेत शिरते आणि त्यांच्या नखांतून माणसात. बोक्याला कॅन्सर नाही! पुन्हा नमुने घेऊन खात्री करू, पण बुरशीचं औषध आजच चालू करतो. काही महिने लागतील. ती सुई मी आधी उचलून ठेवतो."

चिमटी इतका वेळ रडली नव्हती. आता मात्र भोकाड पसरलं!

"आणि मी उत्तरच फेकायला निघालो होतो," काका कपाळावर हात मारून म्हणाले. "पोरांनो, मोठ्यांच्या डोळ्यांत अंजन घातलंत! शाबास!"

"मलापण एक शाबासकी," शंकासुर शर्टाखालून रिंग काढत म्हणाला. "हिने पोट असं आवळलंय की मला जेवणसुद्धा जाणार नाही!"

काकांनी आधी त्याचा कान धरला, मग पाठ थोपटली.

सुट्टी संपायला आली तेव्हा मावशीच्या गाठी बसायला लागल्या होत्या. वस्ताद अजून पिंजऱ्यातच होता आणि हातमोज्यांवाचून त्याला कुणी शिवायचं नव्हतं. निघताना चिमटी जाळीपासून हातभर लांब बसली. वस्तादने भोपळ्याचं पुन्हा नाक होऊ लागलेलं ते नाक जाळीला लावलं आणि तो लाडाने गुरगुरायला लागला.

"काका, येऊ का?" तिने निरोप घ्यायला लॅबमध्ये डोकावून विचारलं. "दार लावून घेते हं!"

"राहू दे," काका म्हणाले. "तुमच्यासाठी उघडंच असू दे."