न बोललेले चिंचोके

देवरीच्या बसस्टँडवर सकाळी सव्वानऊला एका माणसाच्या हातातली बेशरमाच्या झुडपाची काडी रचना रामटेकेच्या ओढणीत अडकली, आणि माणूस तर बसमध्ये चढून राहिला होता.

"ओ दादा! ओढणी!"

तो वळला. ओढणी सोडवताना त्याची बोटं इतकी गोंधळली की उलट गाठच बसली.

"सॉरी मॅडम... सवय नाही."

"ओढणीची का काडीची?"

"दोन्हीची."

"मग काडी कायले पाहिजे?"

"शाळेत जॉइन होऊन राहिलो आज. जिल्ह्यातल्याच गोरेगाववरून तीन महिन्यांसाठी पाठवलं. तिथली पोरं लय माकडं हायेत म्हणे."

"कोणती शाळा?"

त्याने गावाचं नाव सांगितलं. त्या शाळेत शिक्षक दोनच होते. एक लांबच्या रजेवर गेले होते आणि दुसरी रचना होती.

"त्या माकडांची मॅडम मीच," ती म्हणाली. "काडी खिडकीतून टाका, सर."

देवेंद्र मडावींनी काडी टाकली. सरकारी नोकरीत त्यांनी इतक्या तातडीने पाळलेला हा पहिलाच आदेश असावा.

रचनाची वर्ग सांभाळायची पद्धत अगदी साधी होती, म्हणूनच प्रशिक्षणात ती समजवायला तीन दिवस आणि अकरा वेळा चहा लागला होता. पोरगं चुकलं की ओरडायचं नाही. ते चांगलं वागत असताना त्याला पकडायचं, आपण काय पाहिलं ते नेमकं सांगायचं, आणि टेबलावरच्या लोणच्याच्या बरणीत एक चिंचोका टाकायचा. बरणी भरली की साऱ्या वर्गाची तळ्यावर डबापार्टी. टाकलेला चिंचोका परत काढायचा नाही. न बोलता टाकलेला गणतीत धरायचा नाही.

"अन् टिंकू?" सरांनी विचारलं. टिंकू तिसरीत होता आणि पाढे सुरू झाले की खिडकीतून निघून जायचा.

"टिंकू बसेल तेव्हा पाहा त्याच्याकडे. पळतो तेव्हा सारेच पाहतात."

चौथ्या दिवशी टिंकू दहा मिनिटं बसला. सर खूश होऊन ओरडले, "शाबास!"

"शाबास म्हणजे काय, सर? शाबास तर बैलालाही म्हणतात. पाहिलं ते सांगा."

सरांनी घसा साफ केला. "टिंकू, तू... दहा मिनिटं खिडकीकडे पाहत होतास. पण गेला नाहीस."

टिंकूने मान वर केली. आपलं न जाणंही कोणाला दिसतं, हे त्याला नवीन होतं. बरणीत चिंचोका पडला, टक्क. दुसऱ्या दिवशी तो बारा मिनिटं बसला.

परतीच्या बसमध्ये रचना खिडकीशी बसायची आणि सर मधली जागा दप्तरासाठी सोडून बसायचे. बाहेर धान कापणीला आलं होतं.

"मॅडम, तुम्ही मलाही पद्धत लावून राहिल्या ना?" एके दिवशी सर म्हणाले.

"मी? काऊन?"

"मी उशिरा आलो तर तुम्ही चूप. वेळेवर आलो की 'सर, आज परिपाठाच्या आधी आलात.' माझ्या नावाचे चिंचोके किती झाले?"

"सात," रचना म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहायला लागली. काच बंद होती. काचेत सर हसताना दिसत होते.

"अन् तुम्हाला कोण सांगते? तुमचं चांगलं?"

"रविवारी माझाही वर्ग भरतो ना, एकटीचा. 'रचना, आज तू चादरी धुतल्या.' टाकला चिंचोका स्टीलच्या ग्लासात. 'रचना, आज तू एकटीसाठी पण वरण केलंस.' टाकला."

तिने हे गंमत म्हणून सांगितलं. सर हसले नाहीत. मग तीही हसायची थांबली.

गंमत तशी बेताचीच होती. कुडव्याला भावाच्या घरी तिच्या खाटेच्या जागी आता वहिनीची शिलाई मशीन होती, म्हणून ती सुट्टीतही देवरीच्या भाड्याच्या खोलीतच राहायची. शनिवारी शाळा सुटली की सोमवारपर्यंत तिच्याशी कोणी बोलत नसे. मोबाइल कंपनीचे मेसेज यायचे, पण ते तिला 'प्रिय ग्राहक' म्हणायचे. ग्लास भरला की काय करायचं, हे तिने ठरवलंच नव्हतं.

डिसेंबरात बरणी भरली. तळ्यावर डबापार्टी झाली, टिंकूने सर्वांना पाणी वाढलं. आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सरांचे तीन महिने संपले.

दुपारी देवरीच्या स्टँडवर गोरेगावची बस लागलेली होती. रचनाने सकाळपासून एक वाक्य तयार केलं होतं. तेवीस पोरांना रोज नेमकं बोलायला शिकवणाऱ्या मॅडमला ते एक वाक्य काही येईना.

"जपून जा," ती म्हणाली. शाबास म्हणावं, तितकंच मोघम.

"मॅडम, डबा उघडा तुमचा."

"रिकामा आहे."

"म्हणूनच."

सरांनी स्वेटरच्या खिशात हात घातला आणि मूठभर चिंचोके काढले. "माझी चूक झाली. तुमचं काही चांगलं दिसलं की मी एक खिशात टाकायचो. पण बोलायची हिंमत नव्हती... न बोलता टाकलेला धरत नाहीत ना?"

"नाही धरत," रचना कशीबशी म्हणाली.

"मग आता बोलतो. पहिलीतल्या शामकलाला थंडी वाजत होती, तुम्ही आपली शाल तिला दिली अन् म्हणाल्या, मला गरम होऊन राहिलं." टण्ण. "टिंकूचा बाप भांडायला आला, तुम्ही आधी त्याला पाणी दिलं." टण्ण. "पोरं गेली की तुम्ही रिकाम्या वर्गाला 'येते' म्हणता. दाराआडून ऐकलं मी." टण्ण.

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. बस हलली.

"सर, तुमची बस!"

"एकोणतीस राहिले अजून."

बस वळण घेऊन गेली. धूळ खाली बसेपर्यंत दोघंही तिकडेच पाहत होते. सोमवारी सर गोरेगावच्या शाळेत असणार होते आणि ती इथे. ते काही बदललं नव्हतं.

रचनाने त्यांच्या तळहातावरचा एक चिंचोका उचलला. तो डब्यावर धरला.

"आज देवेंद्र सरांनी... माझ्यासाठी बस सोडली. मी पाहिलं."

टण्ण.

"पुढची चारला आहे," सर म्हणाले. "अन् उद्या रविवार. तुमचा वर्ग भरते ना? मी येऊ... हजेरीला?"

रचनाने डब्यात पाहिलं. मग स्टँडच्या बाकावर बसली आणि सरकून शेजारी जागा केली. मधे दप्तर ठेवलं नाही.

"या," ती म्हणाली. "पण आधी हे राहिलेले सांगा. हळूहळू... एकेक."